खुणेची बाजू

घर बांधताना चौकट बसवायचा दिवस आपल्याकडे अजून बघून ठरवतात. जोतं झालेलं असतं, भिंतींचा पत्ता नसतो, आणि मोकळ्या जागेत दाराची चौकट उभी राहते. तिला हळदकुंकू लावतात, आंब्याचा डहाळा बांधतात, सुताराच्या हातात नारळ आणि पानसुपारी ठेवतात. बेळगावात, खानापूरच्या जंगलपट्टीत, निपाणीच्या काळ्या रानात, मराठी घरात आणि कन्नड घरात हा मान सारखाच. गवंड्याच्या कामालाही हा क्रम सोयीचा पडतो. चौकट एकदा ओळंब्यात आणि गुण्यात उभी राहिली की वीट तिच्या अंगाला लागून वर चढते. तिच्यात सुताची चूक राहिली, तर दार नीट लागत नाही आणि ती चूक घर असेतो राहते.

ही चौकट शाळेतल्या मुलांना करायला शिकवावी, असं मला मनापासून वाटतं. दाराएवढी नव्हे. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, चार तुकड्यांची, बाकावर मावेल अशी. आठवी-नववीच्या मुलामुलींना ती झेपते, हत्यारं मोजकीच लागतात, आणि झालेल्या चौकटीला जाळी ठोकली तर वर्गाच्या खिडकीला डासांपासून आडोसा होतो. काय शिकवायचं, कोणत्या क्रमानं, आणि या भागात त्याला कशाकशाचा आधार मिळतो, हे या प्रकरणात पाहू. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लाकडाचा सांधा खुणेनं बसतो. करवत आणि पटाशी फक्त खुणेचं ऐकतात. आणि खूण खरी यायची तर ती प्रत्येक वेळी एकाच बाजूपासून घेतलेली हवी.

आधी लाकूड. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे घाटाचं जंगल आहे. तिथलं लाकूड साग, ऐन, किंजळ, शिसव, फणस. उत्तरेला आणि पूर्वेला पाऊस कमी होत जातो, जमीन काळी होते आणि बांधाबांधावर बाभूळ दिसते. म्हणून जंगलाकडच्या सुताराचा हात घरावर बसलेला: खांब, तुळया, कडीपाट, दारं. रानाकडच्या सुताराचा हात शेतीवर: बैलगाडी, नांगर, कुळव, कुरी. बाभूळ चिवट आणि जड, गाडीच्या चाकाला तिच्यासारखं लाकूड नाही. पण शिकणाऱ्या मुलाच्या हाती ती देऊ नये. धार लगेच बसते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. साग उत्तम, पण महाग, आणि महाग लाकडावर मूल मोकळेपणानं चुकत नाही. पहिल्या चौकटीला पॅकिंगचं पाइन घ्यावं. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांत ते असतं. मऊ, सरळ रेषांचं, रंध्याखाली छान निघणारं. त्यातले खिळे मात्र एकेक शोधून उपटावेत, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच दिवशी खराब होईल.

लाकूड हातात देण्याआधी मुलांना एक गोष्ट सांगावी लागते, कारण चौकट हा प्रकारच तिच्यातून जन्माला आला आहे. लाकूड हलतं. तोडलेल्या झाडातलं पाणी हळूहळू उडत जातं. पेशींच्या पोकळ्यांतलं पाणी जातं तोवर आकारात फरक पडत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला, म्हणजे पेशींच्या भिंतींतलं पाणी जाऊ लागलं, की लाकूड आकसायला लागतं, आणि तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. ओला साग पूर्ण कोरडा केला तर वाढीच्या वर्तुळांच्या अंगानं तो शेकडा पावणेसहाच्या आसपास आकसतो, गाभ्याकडून सालीकडे अडीचच्या आसपास, आणि लांबीत जवळपास काहीच नाही. सागाचं नाव झालं त्याला हेही एक कारण आहे. वर्तुळांच्या अंगानं आठ-दहा टक्के आकसणारी लाकडं पुष्कळ आहेत. उलट, कोरडं लाकूड पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन फुगतं. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दारं घट्ट होतात आणि दिवाळीनंतर आपसूक सैल होतात, हे प्रत्येक मुलानं घरी पाहिलेलं असतं. ते का होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता दोन फूट रुंदीची एकसंध फळी दाराला लावली तर काय होईल? पावसात ती रुंदीला फुगेल, उन्हाळ्यात आकसेल, वाकेल, तडकेल. म्हणून सुतारानं उपाय काढला: अरुंद पट्ट्यांची चौकट करायची, तिच्या आतल्या कडेला खाच पाडायची आणि मधली फळी त्या खाचेत सैल बसवायची, ना सरस, ना खिळा. फळी आतल्या आत फुगते आणि आकसते. चौकटीचे तुकडे लांबीत हलत नाहीत, त्यामुळे बाहेरचं माप राहतं. इतकी साधी आणि इतकी बुद्धीची गोष्ट आपल्या घरच्या प्रत्येक जुन्या दारात आहे. मुलांना एखादं जुनं दार दाखवावं, मधल्या फळीवर बोट ठेवून ती किंचित सरकते का बघायला सांगावं. सरकली की अर्धा धडा झाला.

आता काम. दोन इंच बाय एक इंचाचे चार तुकडे: दोन उभे, दोन आडवे. रंधा मारून ते चौदा सूत रुंद आणि सात सूत जाड होतील. इथे सुतातच मोजावं. इंचाचे आठ भाग ही सुताराची रोजची मोजणी आहे, आणि मुलांना अपूर्णांक हातात धरायला मिळतात.

प्रत्येक तुकड्याची एक चांगली रुंद बाजू निवडायची. गाठ नसलेली, पुढे दिसणारी. ती रंध्यानं सपाट करायची. सपाट झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तुकड्याच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या, खाली वाकून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीची कड बघायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर तुकडा पिळलेला नाही. एक टोक वर दिसलं तर पीळ आहे. तिथे अजून रंधा. ही बाजू झाली की तिच्यावर पेन्सिलनं खूण करायची. ही खुणेची बाजू. मग तिला लागून असलेली एक कड गुण्या लावून काटकोनात करायची आणि तिच्यावरही खूण. पुढचं सगळं काम संपेपर्यंत या दोन खुणा पुसायच्या नाहीत. गुण्याचा दांडा फक्त यांनाच टेकणार, समांतर रेघ ओढायच्या मार्किंग गेजचा ठोकळा फक्त यांनाच टेकणार. उरलेल्या दोन बाजू किती वाकड्या आहेत याच्याशी आपलं देणंघेणं नाही.

मुलांना हे आधी पटत नाही. चारही बाजू सारख्याच तर आहेत, मग कुठूनही मोजलं तर काय बिघडलं? त्याचं उत्तर पहिल्याच सांध्यात मिळतं, म्हणून पहिला सांधा अर्ध्या खाचेचा घ्यावा, ज्याला वर्कशॉपमध्ये हाफ लॅप म्हणतात. दोन तुकडे कोपऱ्यात एकमेकांवर येतात. एकाची वरची अर्धी जाडी काढायची, दुसऱ्याची खालची अर्धी. एकमेकांत बसले की दोन्हींच्या पुढच्या बाजू एका पातळीत. तुकडे सात सूत जाड, म्हणून मार्किंग गेज साडेतीन सुतांवर लावायचा आणि दोन्ही तुकड्यांवर रेघ ओढायची, दोन्ही वेळा खुणेच्या बाजूपासून.

आता बघा काय होतं. पहिल्या तुकड्यातून खुणेच्या बाजूचं साडेतीन सूत लाकूड जातं. दुसऱ्या तुकड्यात खुणेच्या बाजूचं साडेतीन सूत लाकूड राहतं आणि मागचं जातं. म्हणजे पहिल्यात जेवढी खोली पडली, तेवढ्याच जाडीची जीभ दुसऱ्याला आहे. पुढच्या बाजू पातळीत येणारच. दुसरा तुकडा सात सुतांऐवजी साडेसात सूत जाड राहिला असेल तरी येणार. जास्तीचं अर्धं सूत मागे जाईल, तिथे रंध्याचे दोन हात मारले की संपलं. आणि आणखी गंमत म्हणजे गेज साडेतीनऐवजी सव्वातीनवर लागला असेल तरीही सांधा बसणार, कारण दोन्ही रेघा एकाच गेजनं, एकाच बाजूपासून ओढल्या आहेत. अर्धं अगदी अर्धं नसलं तरी चालतं. पण ज्या मुलानं एका तुकड्यावर पुढून आणि दुसऱ्यावर मागून रेघ ओढली, त्याचा कोपरा जाडीतल्या जराशा फरकानंही वर-खाली होतो, मग त्याचा गेज कितीही बिनचूक लावलेला असो. दोन्ही कोपरे शेजारी ठेवून वर्गाला बोट फिरवू द्यावं. इथे शिक्षकानं काही बोलायची गरज पडत नाही.

आडवी रेघ पेन्सिलनं न ओढता सुरीनं ओढावी. पेन्सिलीची रेघ जाड असते. तिच्या अलीकडे कापलं की पलीकडे, हा प्रश्न उरतो. सुरीची रेघ तंतू कापते आणि पटाशीला टेकायला जागा करते. जो भाग काढायचा त्यावर फुली मारायची. फुली नसली तर मूल हमखास उलटा भाग कापतं आणि तो तुकडा वाया जातो. करवत रेघेवर चालवायची नाही, फुलीच्या बाजूला चालवायची, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. मग पटाशी. खाचेचा तळ एका बाजूनं पार दुसऱ्या बाजूपर्यंत सोलत नेला तर पलीकडची कड फुटते. म्हणून अर्धं इकडून, अर्धं तिकडून, मध्ये थोडा उंचवटा ठेवून, आणि शेवटी तो उंचवटा. डावा हात कधीही पटाशीच्या समोर येता कामा नये. हे एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं. बोथट पटाशी जास्त धोक्याची, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोरानं ती सटकते. धारेच्या दगडावर पातं घासायला मुलं कंटाळत नाहीत, उलट आवडीनं घासतात. तो वेळ वाया गेला असं शिक्षकानं मानू नये.

सांधे कशाला, चार खिळे का नाहीत, असं कुणीतरी विचारतंच आणि विचारावंच. त्याच्या हातात चार पट्ट्या आणि चार खिळे द्यावेत. प्रत्येक कोपऱ्यात एक खिळा ठोकून चौकोन करायला सांगावा आणि मग एका कोपऱ्याला धरून ढकलायला सांगावं. चौकोन कलतो, कारण प्रत्येक खिळा बिजागरी होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण कलत नाही. त्याच्या तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरले. चौकोनाला तसं बळ स्वतःचं नसतं. ते तिरप्या पट्टीनं द्यावं लागतं किंवा कोपऱ्यातल्या सांध्यानं. अर्ध्या खाचेत चौदा सूत बाय चौदा सूत, म्हणजे सुमारे तीन चौरस इंच लाकूड लाकडाला चिकटतं. त्यात दोन्ही तुकड्यांचे खांदे, म्हणजे खाचेच्या आडव्या कापलेल्या कडा, समोरच्या तुकड्याच्या कडेला टेकतात. कलायला जागाच उरत नाही. पांढरा फेविकॉल आहेच. पण तंतूंची कापलेली टोकं त्याला नीट धरत नाहीत, तंतूंच्या अंगाची बाजू मात्र घट्ट धरतात. दोन टोकं नुसती एकमेकांना भिडवून चिकटवलेली चौकट म्हणूनच हातात सुटते.

अठरा इंच बाय चोवीस इंच हे माप मी मुद्दाम घेतलं आहे. सांधे जुळवले, फेविकॉल ओला आहे, आता चौकट काटकोनात आहे का? गुण्या कोपऱ्यात लावून कळतं, पण लहान गुण्याला लांबच्या टोकाची चूक दिसत नाही. कर्ण मोजावेत. अठराचा वर्ग ३२४, चोवीसचा वर्ग ५७६, बेरीज ९००, तिचं वर्गमूळ ३०. बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर तीस इंच यायला हवेत, दोन्ही कर्णांवर. चौकट वरच्या बाजूला एक सूत कलली तर एक कर्ण वाढतो, दुसरा घटतो, आणि दोघांत जवळजवळ सव्वा सुताचा फरक पडतो. म्हणजे कर्ण चूक मोठी करून दाखवतो. लांब कर्णावर शिकंजा लावून हलकेच आवळायचं, दोन्ही सारखे झाले की थांबायचं. गणिताच्या तासाला पायथागोरसचं प्रमेय ज्याला नकोसं झालेलं असतं, त्याला इथे ते मोजपट्टीवर सापडतं, आणि पुढे गवंडी पाया आखताना तीन-चार-पाच फुटांनी कोपरा का काढतो हेही कळतं.

पहिली चौकट अर्ध्या खाचेची झाली की दुसरी कूस घालून करावी. एका तुकड्याच्या टोकाला कूस, दुसऱ्यात तिच्यासाठी चौकोनी भोक. दाराची खरी चौकट याच सांध्यानं उभी असते. कूस जाडीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवतात, पण नेमकं माप हातातली पटाशी ठरवते. सात सूत जाडीला दोन सुतांची पटाशी घ्यायची, म्हणजे अडीच-दोन-अडीच. कूस जास्त जाड केली तर भोकाच्या भिंती पातळ होऊन फुटतात. बारीक केली तर कूसच मोडते. गेजला दोन टोच्या असतील तर दोन्ही पटाशीच्या पात्याएवढ्या अंतरावर लावून एकाच वेळी दोन रेघा ओढायच्या, अर्थात खुणेच्या बाजूपासून. भोकही त्याच गेजनं, कूसही त्याच गेजनं.

भोक मध्यापासून टोकांकडे खणत न्यावं, टोकाची जरा जागा शेवटपर्यंत सोडून ठेवावी, कारण ढलपी उचकटताना पटाशी त्याच कडेवर टेकते आणि ती कड चेपते. भोक कोपऱ्याच्या फार जवळ आलं तर तुकड्याचं टोक फाटतं. म्हणून उभे तुकडे मुळातच दीड-दोन इंच जास्त लांब ठेवायचे आणि चौकट पूर्ण झाल्यावर वाढीव टोक कापायचं. दाराच्या जुन्या चौकटींत वरच्या आडव्या लाकडाचे दोन्ही कान बाहेर काढून भिंतीत चिणलेले दिसतात. तिथे ते वाढीव लाकूड कापत नाहीत, त्याचाच भिंतीत धरण्यासाठी उपयोग करतात.

कूस पक्की करायला सांध्यातून आरपार बांबूची खुंटी ठोकतात. यात एक कसब आहे, ते मुलांना जरूर दाखवावं. कुशीतलं भोक चौकटीतल्या भोकाशी अगदी समोरासमोर पाडायचं नाही. अर्धं सूत खांद्याकडे सरकवायचं. निमुळती खुंटी आत जाताना ती वाट सरळ करू बघते आणि त्या ओढीनं कुशीचा खांदा चौकटीला घट्ट भिडतो. शिकंजा नसला तरी सांधा आवळला जातो. खुंटी करवतीनं कापलेली नको, बांबू फोडून तासलेली हवी, म्हणजे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात आणि ती वाकली तरी मोडत नाही. खानापूरकडे बांबूला तोटा नाही.

या सांध्याचा दुसरा अवतार पाहायचा तर बेळगावातच शहापूर, वडगाव, खासबागेत जावं. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं आणि तिथली लुगडी नावाजलेली. हातमाग आता थोडे उरले, यंत्रमाग वाढले. पण जिथे हातमाग दिसेल तिथे मुलांना उभं करून त्याची चौकट न्याहाळायला लावावी. विणकर प्रत्येक धाग्याला फणीचा ठोका देतो. दिवसभर, वर्षानुवर्षं, एकाच दिशेनं बसणारा तो धक्का चौकटीला कलवायला बघतो. चिकटवलेला सांधा असा किती दिवस टिकणार? म्हणून मागाच्या अनेक चौकटींत कूस भोकातून आरपार बाहेर काढलेली असते आणि बाहेर आलेल्या टोकात पाचर मारलेली असते. सैल झालं की मोगरीचा एक ठोका पाचरीवर. माग दुसऱ्या घरी न्यायचा झाला तर पाचरी काढून सुटा करता येतो. ज्याला हलायचं आहे, आवळायचं आहे, सोडायचं आहे त्याला पाचर. ज्याला कायमचं बसायचं आहे त्याला खुंटी. सांध्याची निवड कामावरून होते, हे माग जितकं स्पष्ट दाखवतो तितकं पुस्तक दाखवू शकत नाही.

सुतारकीचा दुसरा धागा उद्यमबागेतल्या ओतशाळांकडे जातो. बेळगावचं ओतकाम देशभर जातं आणि प्रत्येक ओतीव वस्तूच्या आधी तिचा लाकडी पॅटर्न होत आला आहे. वाळूत पॅटर्न दाबायचा, काढून घ्यायचा, त्या पोकळीत रस ओतायचा. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटाला एक सूत मोठा करतात. पॅटर्न करणारा सुतार मग साध्या पट्टीनं मोजत नाही, तेवढ्या वाढीव खुणांच्या खास पट्टीनं मोजतो. ज्या शहरात लाकडाच्या सुताभर मापावर लोखंडाचं माप ठरतं, तिथल्या मुलांना सुताची किंमत सांगायला दूरचं उदाहरण नको.

या परंपरेतलं एक नाव सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं, तेव्हा ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून, ज्याचं साल १८८८ धरलं जातं, कडबा कापायच्या यंत्रापर्यंत आणि लोखंडी नांगरापर्यंत ते पोचले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. बाभळीच्या नांगराच्या मुलखात लोखंडी नांगर उभा करणारा हा माणूस आधी ड्रॉइंगचा शिक्षक होता, म्हणजे रेघ कुठून ओढायची हे शिकवणारा. मला ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही.

शाळेत लाकूडकाम का आणि कसं शिकवावं यावर जगात दीडशे वर्षं वाद आहे आणि त्याचे दोन पक्ष आजही आपल्या वर्कशॉपमध्ये दिसतात. १८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर देला-वोस यांनी कामाचे सुटे तुकडे पाडून सांध्यांची चढती मालिका बसवली: आधी हा सांधा, मग तो, वस्तू काहीच नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती मालिका मांडली गेली आणि अमेरिकेनं उचलली. दुसरा पक्ष उत्तरेकडचा. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांनी १८६६ मध्ये हस्तकाम शाळेत सक्तीचं झालं. स्वीडनमध्ये नेस या गावी ओटो सालोमोन यांनी त्याची शिक्षकांसाठी शाळा चालवली. त्यांचं म्हणणं, मूल जे करील ते घरात वापरता आलं पाहिजे. आपल्या आयटीआयमध्ये सरावाचे सांधे करून ढीग लावतात, ती पहिली वाट. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, पण पहिल्याचा क्रम सोडायला तयार नाही. चौकट मला आवडते ती यासाठीच. चारही कोपऱ्यांत तोच सांधा चार वेळा होतो, म्हणजे सराव होतो, आणि शेवटी हातात वस्तू राहते. चौथा कोपरा पहिल्यापेक्षा नेहमी चांगला असतो आणि मुलाला तो स्वतः दिसतो.

आपल्याकडे हा विचार १९३७ मध्ये मोठ्या प्रमाणावर आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाची बैठक बेळगाव जिल्ह्यातल्या हुदलीला झाली. हुदली म्हणजे गंगाधरराव देशपांड्यांच्या खादीकामाचं गाव. गांधीजी तिथे होते. त्यांच्याच पुढाकारानं ऑक्टोबरमध्ये वर्ध्याची शिक्षण परिषद झाली आणि झाकीर हुसेन समितीनं नव्या शिक्षणाचा आराखडा केला. मूलोद्योगांच्या यादीत कताई-विणाईबरोबर सुतारकामही होतं. प्रत्यक्षात चरखा आणि टकळी पुढे गेली, सुतारकाम बहुतेक ठिकाणी मागे पडलं. कारणं समजण्यासारखी आहेत: लाकूड महाग, हत्यारं धारेची, आणि शिकवणारा जाणता हवा. पण बारा बलुतेदारांपैकी एकाच घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं हे ज्ञान वर्गातल्या प्रत्येक जातीच्या मुलामुलींच्या हाती देण्याची ती संधी होती आणि ती आपण हातची घालवली, याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्रात पुढे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि ग्रामीण शाळांत मुलांच्या हाती पुन्हा हत्यारं दिली, सुतारकामासकट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय गावच्या सुतार, कुंभार, माळी अशा जाणकारांकडे पाठवण्याची शिफारस आहे. कर्नाटकानं स्वतःचं राज्य धोरण करायला घेतलं. निपाणीच्या मुलाला एक नियम आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलच्या मुलाला दुसरा. चौकट दोघांनाही सारखीच लागते.

शिकवायला गावचाच सुतार बोलवावा, आणि त्याला पाहुणा म्हणून खुर्चीवर न बसवता मानधन देऊन बाकापाशी उभं करावं. त्याच्याकडे हात आहे. वर्गाला क्रमानं सांगायची सवय कदाचित नसेल. तिथे विज्ञानाच्या किंवा गणिताच्या शिक्षकानं शेजारी उभं राहावं आणि ‘हे असंच का?’ असं मुलांच्या वतीनं विचारत राहावं. वीस मुलांना वीस संच लागत नाहीत. पाच बाक, प्रत्येकी चार मुलं, बाकागणिक एक गुण्या, एक मार्किंग गेज, एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, एक मोगरी, दोन शिकंजे. एक मूल कापतं तेव्हा दुसरं आखतं, तिसरं धार लावतं, चौथं पहिल्याची करवत सरळ चालली आहे का ते समोरून बघतं. चौथ्याचं काम सगळ्यांत शिकवणारं असतं.

दुसऱ्या वर्षी चौरंग घ्यावा. चौकट एका पातळीत असते. चौरंगात प्रत्येक पायाला शेजारच्या दोन बाजूंनी पट्ट्या येऊन भिडतात, म्हणून चार पायांत आठ भोकं, आठ कुशी. पाय चौरस असतो, त्याच्या दोन लगतच्या बाजू खुणेच्या ठरवायच्या आणि चारही पाय एकत्र उभे करून त्या बाहेरच्या अंगाला येतील अशी जुळवणी करायची. वर पेन्सिलनं एकच वर्तुळ काढायचं, चौघांवरून जाणारं, म्हणजे कोणता पाय कुठल्या कोपऱ्याचा ते हरवत नाही. एकाच उंचीवर दोन भोकं पायाच्या आत येऊन एकमेकांना मिळतात. तिथे दोन्ही कुशी पूर्ण लांबीच्या ठेवल्या तर एकमेकींवर आपटतात आणि खांदा भिडत नाही. आखूड केल्या तर पकड जाते. म्हणून प्रत्येक कुशीचं टोक पंचेचाळीस अंशांत तिरकं कापायचं आणि दोन्ही तिरपे भाग आत समोरासमोर येऊ द्यायचे, मध्ये कागदाएवढी फट सोडून, म्हणजे टोकं एकमेकांवर टेकून खांदे अडत नाहीत.